माजा थंय काय काम?

कुडाळला आमच्या गर्भवतींच्या वर्गाला बायका आत येतात आणि त्यांचे नवरे समोरच्या टपरीवर चहा पीत थांबतात. बऱ्याच जणींची तक्रार एकच असते, "यांना काही पडलेलीच नाही." नवऱ्यांच्या मनातही एकच प्रश्न असतो, पण तो ते बायकोला विचारत नाहीत. नितीनने तो मला विचारला, म्हणून ही गोष्ट. (नावं अर्थात बदलली आहेत.)

नितीन मालवणचा, मासेमारीच्या ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या. प्राजक्ता सातव्यात ओटी भरून कुडाळजवळच्या माहेरी आलेली, तारीख ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यातली. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, त्यामुळे गडी मोकळा होता. दर रविवारी रेनकोट चढवून मालवणहून यायचा, तिला वर्गाच्या दारात सोडायचा आणि टपरी गाठायचा. त्याच्या आईचं मत माझ्यापर्यंत आधीच पोचलं होतं, "आमच्या टायमाक खंय होते क्लास? तरी चार पोरां झाली ना!"

दुसऱ्या रविवारी मी त्याला जवळजवळ ओढूनच आत बसवलं. ती माझी चूक. त्या दिवशी प्रसूतीची फिल्म होती आणि मी त्याला आधी काहीच सांगितलं नव्हतं. चार-पाच मिनिटांत पांढराफटक. कपाळावर घाम. उठून बाहेर गेला तो पायरीवरच बसला. पुढच्या रविवारी प्राजक्ता एकटीच आली, रिक्षाने. "त्येंका माजी काळजीच नाय," म्हणाली आणि रडली. तिची समजूत घालणारं वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं, पण बोलले नाही. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

मग फोन करून त्याला एकट्याला बोलावलं. रक्त बघून भीती वाटली का, असं विचारल्यावर हसला. "म्हावरा कापण्यात जल्म गेलो, रगताचा काय?" मग बराच वेळ गप्प. पाऊस पत्र्यावर वाजत होता. शेवटी म्हणाला, "मॅडम, मी आत येवन काय करतलंय? माजा थंय काय काम? ट्रॉलरवर ज्येका काम नाय, तो दुसऱ्याच्या पायात येता."

बायकोला मानसिक आधार द्या, तिचा हात धरा, हे सगळं मी इतकी वर्षं नवऱ्यांना सांगत आले. जाळं कुणी ओढायचं आणि सुकाणू कुणी धरायचं हे ज्याच्या कामात नेमकं ठरलेलं असतं, त्याला 'आधार द्या' म्हणजे काहीच सांगितल्यासारखं नाही. शिवाय आपली रीतही त्याच्या बाजूची नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, जावयाला फोन जातो तो थेट पेढ्यांचाच. मधल्या रात्रीत त्याला जागाच नसते.

आधी घेरीचं निस्तरलं. असं काही बघून काही जणांचा रक्तदाब आणि नाडीचे ठोके एकदम खाली येतात, त्यात धाडस-बिडस काही नसतं. उपाशी राहायचं नाही, पाणी पीत राहायचं, एका जागी ताठ उभं राहायचं नाही. डोळ्यांपुढे अंधारी आली की मांड्या आणि पोटऱ्या घट्ट आवळायच्या आणि सरळ खाली बसायचं. आत जायला मिळालंच तर बायकोच्या उशाशी थांबायचं, तिच्या तोंडाकडे बघायचं.

मग कामं. कळा मोजायच्या. एका कळेच्या सुरुवातीपासून दुसरीच्या सुरुवातीपर्यंत किती वेळ, आणि कळ टिकते किती. पाच मिनिटांच्या अंतराने, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या की निघायचं. पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर मोजत बसायचं नाही, लगेच निघायचं. कळ कमरेत उतरली की माकडहाडाच्या वर तळहाताच्या टाचेने दाबून धरायचं, चोळायचं नाही. हे मी त्याला उशीवर करून दाखवलं. त्याचा हात बघून म्हटलं, जरा बेताने. फाईल, रक्तगट, गाडीवाल्याचा नंबर आणि मोफत रुग्णवाहिकेचा १०२ एकाच कागदावर. पावसात रस्ता अडला तर दुसरा कुठला, हे त्याने मला न विचारताच सांगितलं.

चौथ्या रविवारी दोघांना समोरासमोर बसवून प्राजक्तालाच विचारलं, तुला यांच्याकडून काय हवंय? माझी अपेक्षा होती, ती म्हणेल आत माझ्याजवळ थांबा. ती म्हणाली, "ते आत नाय इले तरी चालात. पण माका कळा येतत तेव्हा आये नि मावशेन आपापली बाळंतपणां सांगूची नाय, तेवढा बघा."

नवऱ्याला आत घेतात का, हेही आधीच विचारून ठेवावं लागतं. २०१६ पासून सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीला परवानगी आहे, पण ती मुख्यतः स्वतः बाळंतपण अनुभवलेल्या बाईला; नवऱ्याला, खोलीत पुरेसा आडोसा असेल तरच. एका खोलीत दोन-तीन खाटा असतील तर पुरुषाला दाराबाहेर थांबवतात, आणि बाकीच्या बायकांचा विचार केला तर ते बरोबरच आहे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की सोबत बाईच्या पसंतीची असावी. सतत कुणी जवळ असलं तर कळांचा काळ थोडा आखडतो आणि सिझरचं प्रमाणही कमी होतं, हे अभ्यासांत दिसलंय. (क्लास केला म्हणजे सिझर टळणारच, असं मात्र कुणी सांगितलं तर त्याला फी देऊ नका.) यांच्या दवाखान्यात नितीनला दार बंदच होतं. म्हणून त्याच रविवारी प्राजक्ताच्या आईलाही बोलावलं आणि कंबर दाबायला शिकवलं.

१ ऑगस्टला बंदी उठली. ट्रॉलर त्याच्याशिवाय गेला आणि हा सासुरवाडीला मुक्कामाला. जावई असा येऊन राहिलेला बघून वाडीत काय काय बोललं गेलं, ते प्राजक्ताने मला नंतर हसत सांगितलं. एका रात्री अकराला कळा सुरू झाल्या. डिझेलच्या हिशेबाच्या वहीत त्याने मागल्या पानापासून वेळा लिहिल्या. वीस मिनिटं, बारा, परत पंधरा. दोनच्या सुमाराला सासूने "आता निघूया" म्हणून घाई केली, तर याने वही दाखवली. मावशीला चुलीवर पाणी तापवायला पाठवलं. पाणी कशासाठी, हे तिने विचारलं नाही, याने सांगितलं नाही. साडेचारला अंतर पाच मिनिटांवर आलं. तोवर साडेपाच तास त्याचा तळहात तिच्या कमरेवर होता. दवाखान्याच्या दारातून आई आत गेली, हा बाहेर बाकावर बसला. दुपारी एकच्या सुमाराला मुलगी झाली. मला कळवायला फोन आला तो प्राजक्ताचा, याचा नाही.

याचा फोन आला सहाव्या दिवशी. घरात वाद पेटला होता. मावशी म्हणत होती की दूध पुरत नाही, वरचं सुरू करा. आई म्हणत होती पुरतं. प्राजक्ता मधल्यामध्ये रडकुंडीला आलेली. मी म्हटलं, पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा त्याहून जास्त लंगोट ओले होत असतील आणि पोरगी पिऊन शांत झोपत असेल, तर तिला मिळतंय. काल किती झाले, कुणाच्या लक्षात आहे का?

"थांबा हां," तो म्हणाला. पानं उलटल्याचा आवाज आला. "काल सात. आज दुपारपर्यंत चार."