कॅनडात व्यवसाय-मूल्यांकनाचे काम: पुण्यातील एका सीएच्या प्रश्नाला उत्तर

नमस्कार. पुण्यात सीए असलेल्या आणि आयबीबीआयकडे (भारतीय दिवाळखोरी मंडळ, जे मूल्यांककांची नोंदणीही करते) वित्तीय मालमत्तेच्या वर्गात नोंदणी झालेल्या मूल्यांककाला टोरांटोत तेच काम करता येईल का, आणि त्यासाठी आधी इथले सीपीए (लेखापालांची पात्रता) करावे की थेट सीबीव्ही (चार्टर्ड बिझनेस व्हॅल्युएटर, म्हणजे व्यवसाय-मूल्यांककाचे पदनाम), असे तुम्ही विचारले आहे. मी याच कामात आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तुमची नोंदणी इथे चालणार नाही. कंपनी कायदा, २०१३ मधील कलम २४७ आणि त्याखालचे २०१७ चे नियम यांनी, ५० तासांचा अभ्यासक्रम व परीक्षा यांच्या आधारे, तुम्हाला दिलेली ती परवानगी भारतीय कायद्यापुरतीच आहे. कॅनडात व्यवसायाच्या मूल्यांकनासाठी सरकारी परवाना लागतच नाही. मात्र वकील आणि न्यायालये अहवालाखाली सही कोणाची आहे हे पाहतात, आणि तिथे सीबीव्ही या पदनामाला वजन आहे. ते देणारी संस्था १९७१ मध्ये स्थापन झाली. १ जानेवारी १९७२ पासून इथे भांडवली नफ्यावर कर लागू होणार होता, त्यामुळे पुढचा नफा मोजायला आधार म्हणून खासगी कंपन्यांच्या समभागांचे ३१ डिसेंबर १९७१ रोजीचे मूल्य ठरवणारी माणसे देशभर हवी होती.

सीबीव्हीसाठी सीपीए असण्याची अट नाही. लेखापरीक्षणात जायचे असेल तर सीपीएचा विचार जरूर करा, पण मूल्यांकनच करायचे ठरले असेल तर त्यात वर्षे घालवू नयेत असे माझे मत आहे. अभ्यासक्रम तुम्हाला जड जाणार नाही. खरी अडचण अनुभवाची आहे. १,५०० तासांचे मूल्यांकनाचे काम दाखवावे लागते आणि शेवटची पात्रता परीक्षा वर्षातून एकदाच होते, म्हणजे एक संधी हुकली की वर्ष गेले. पुण्यातले तास धरले जातील असे गृहीत न धरता संस्थेकडून लेखी उत्तर मागवा, आणि तेही राजीनामा देण्यापूर्वी.

कामाचा पोत मात्र वेगळा आहे. आपल्याकडे बऱ्याचदा व्यवस्थापनाने दिलेले पाच वर्षांचे अंदाज घेऊन डीसीएफ (भविष्यातील रोकडप्रवाहाचे आजचे मूल्य) मांडला जातो आणि एकच आकडा दिला जातो. इथल्या लहान कौटुंबिक कंपनीत असे अंदाज बहुधा नसतातच. मालक स्वतःचा पगार नाममात्र घेतो, पत्नीचे नाव पगारपत्रकात असते, गाळा त्याच्याच दुसऱ्या कंपनीचा असल्याने भाडे बाजारभावापेक्षा कमी असते. हे सगळे बाजारपातळीवर आणून, कर वजा जाता टिकाऊ रोकडप्रवाह किती, हे आधी ठरवायचे आणि मग त्यावर कमी व जास्त असे दोन गुणक लावून मूल्याचा पल्ला द्यायचा. मुलाखतीत बहुधा हेच विचारतात. अहवालाचेही तीन प्रकार आहेत: कॅल्क्युलेशन, एस्टिमेट आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह. तपासणी जितकी खोल, तितकी अहवालातल्या निष्कर्षाची खात्री अधिक आणि अर्थात फीसुद्धा. कोणत्या कामाला कोणता प्रकार पुरेल, हे अशिलाला आधीच सांगावे लागते.

न्यायालयीन काम भरपूर आहे, विशेषतः घटस्फोटाचे, कारण ऑन्टारिओत विभक्त होण्याच्या दिवशीचे व्यवसायाचे मूल्य पती-पत्नींच्या हिशेबात धरतात. तज्ज्ञाला तिथे फॉर्म २०.२ वर (इतर दिवाणी दाव्यांत फॉर्म ५३ वर) सही करून, आपले कर्तव्य फी देणाऱ्या पक्षाप्रति नव्हे तर न्यायालयाप्रति आहे, हे मान्य करावे लागते. २०१५ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने व्हाइट बर्जेस प्रकरणात तज्ज्ञाच्या निःपक्षपातीपणावर निकाल दिला, तोही लेखापालांच्याच वादात. येण्यापूर्वी तो वाचून काढा.

पुढेमागे अमेरिकेत जायचा विचार असेल तर तिथे एबीव्ही, एएसए आणि सीव्हीए अशी वेगवेगळ्या संस्थांची पदनामे आहेत, पण आत्ता त्यात लक्ष घालू नका. त्याऐवजी स्वतः लिहिलेल्या अहवालांपैकी दोन-तीन निवडा, अशिलांची लेखी संमती घ्या, नावे आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाका, आणि कोणता भाग स्वतः केला याची नोंद तारखा व तासांसह सध्याच्या भागीदारांच्या सहीने सोबत ठेवा. नोकरी सोडल्यावर अशी सही मिळवणे फार कटकटीचे होते.