मुलगा खोटी हजेरी मांडत नाही म्हणून लाइन बदलायची?

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा सीए इंटरचे दोन्ही ग्रुप पास झाला. तुमच्या मिस्टरांनी वाशीच्या एका ओळखीच्या सीएकडे आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालचं सक्तीचं प्रशिक्षण, तेही 'डमी' ठरवलं: नाव कागदावर राहील आणि मुलगा ठाण्यात घरी बसून फायनलचा अभ्यास करील. मुलगा म्हणाला, दोन वर्षं खोटी हजेरी मांडणार नाही. भांडण पेटलं, पाहुण्यांसमोर तो वडिलांना 'तुम्ही पापी आहात' म्हणाला, आणि आता त्याला सीएच सोडायचंय. तुम्ही विचारता, एवढ्या सरळ मुलाला कुठली लाइन बरी?

लाइनचं नंतर बघू. मी अडकले ते तुमच्या शेवटच्या ओळीपाशी. 'लहानपणी दर रविवारी धर्मशिक्षणाला पाठवलं तेच चुकलं, असं आता वाटतं.' ताई, हे त्याच्या कानावर गेलंय का? घरात रोज संध्याकाळी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होते, हे तुम्हीच लिहिलंय. होय तर होय, नाही तर नाही, एवढंच बोलावं, ही येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातली शिकवण त्याने हजेरीच्या कागदाला लावून पाहिली, इतकंच. आणि ज्या घरात तो हे शिकला, तिथेच त्याला 'मग सेमिनरीत जा, धर्मगुरू हो' असं ऐकावं लागलं. या वयात यासारखं एकटेपण नाही. शिवाय धर्मगुरू होणं ही देवाच्या पाचारणाची गोष्ट आहे. खरं बोलणाऱ्याला घराबाहेर नेऊन ठेवायची ती जागा नव्हे.

आता तुमचा मोठा गैरसमज: सरळ माणूस सीएत टिकत नाही. सीए विकतो काय? आपली सही. बँक कर्ज देते, लोक पैसे गुंतवतात, ते त्या सहीवर विसंबून. 7 जानेवारी 2009 रोजी सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या अध्यक्षांनी पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदात दाखवलेली पाच हजार कोटींहून जास्त रक्कम प्रत्यक्षात नाहीच. त्या ताळेबंदांवर ऑडिटरच्या सह्या होत्या, आणि पुढे ऑडिटरनाही अटक झाली. कंपनी कायदा 2013 सांगतो की ऑडिटमध्ये एक कोटी किंवा त्याहून मोठा घोटाळा झाल्याचं दिसलं, तर ऑडिटरने केंद्र सरकारला कळवायचं. 2019पासून सीएच्या प्रत्येक प्रमाणपत्रावर 18 अंकी यूडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, लागतो, तोही बनावट सह्यांना आळा बसावा म्हणून. हा सगळा बंदोबस्त ज्या गुणासाठी करावा लागतो, तो गुण तुमच्या मुलाकडे आधीच आहे. त्याला या व्यवसायातून काढायचं?

तुमचं चर्च मासुंदा तलावाकाठचं, योहान बाप्तिस्ताच्या नावाचं. म्हणून मुलाला बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला तिसरा अध्याय पुन्हा वाचायला सांगा. जकातदार, म्हणजे लुबाडणारे म्हणून बदनाम असलेले करवसुली करणारे, योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? तो त्यांना नोकरी सोडा म्हणत नाही. ठरलंय त्याहून जास्त घेऊ नका, एवढंच सांगतो. येशूचा शिष्य मत्तयसुद्धा जकातदारच होता, आणि आज तो हिशेबनिसांचा आश्रयदाता संत मानला जातो. 'हे क्षेत्रच खोट्याचं' म्हणून पळणाऱ्या मुलाने हे डोक्यात ठेवावं.

त्याच शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात मंदिरात प्रार्थना करणारा परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी, भेटतो. 'मी या जकातदारासारखा नाही' म्हणून तो देवाचे आभार मानतो, आणि नीतिमान ठरून घरी जातो तो जकातदार. पाहुण्यांसमोर वडिलांना पापी ठरवताना तुमचा मुलगा परूश्याच्या जागी उभा होता. नकार बरोबर होता, बोलणं चूक होतं. माफी त्यानेच आधी मागावी, आणि मागताना नकार मात्र सोडू नये.

मिस्टरांची घाई मला कळते. वागळे इस्टेटमधली कंपनी बंद झाली, पोरगा लवकर कमावता व्हावा, ही काळजी खरी आहे. पण त्यांनी शोधलेली वाट लांबची आहे. डमी आर्टिकलशिप उघडकीला आली तर ती दोन वर्षं बाद होऊ शकतात आणि कागदावर सही करणारा ओळखीचा सीएही गोत्यात येतो. ती पकडली गेली नाही तरी मुलाखतीत पितळ उघडं पडतं. माझ्याकडे आलेला एक मुलगा असाच पास झाला होता. 'स्टॉक मोजायला गेलात तेव्हा काय पाहिलंत?' या साध्या प्रश्नावर तो गप्प बसला. महापे-तुर्भ्याच्या गोदामात खोकी मोजताना मधलं एखादं उघडून बघायचं असतं, हे घरी बसून कळत नाही.

नियम थोडक्यात: जुलै 2023पासून आर्टिकलशिप तीनऐवजी दोन वर्षांची आहे, आणि ती संपल्यावर सहा महिन्यांनी फायनल. एवढा काळ तर काढायचाच आहे, मग खरं काम शिकत काढू दे.

खऱ्या ऑफिसातही त्याचा कस लागेलच. लोकलने वाशीला जाऊन रिक्षाचं भाडं लावणारे सोबती भेटतील. त्याने स्वतःच्या व्हाउचरवर तिकिटाचीच रक्कम लिहावी आणि शेजारच्याला प्रवचन देऊ नये. मॅनेजरने मागच्या तारखेचा कागद करायला सांगितला तर तिथल्या तिथे, शांतपणे, 'सर, हे मला जमणार नाही' म्हणावं. पहिल्यांदा जीभ जड होईल.

या शनिवारी दोघांनाही माझ्याकडे पाठवा, बापलेक एकाच रिक्षातून येऊ देत. ठाणे-नवी मुंबईतल्या मध्यम आकाराच्या फर्मची यादी आपण मिळून करू. मुलाखतीला गेल्यावर स्टायपेंडच्या आधी त्याने एक विचारावं: आठवड्यात किती दिवस क्लायंटकडे जावं लागेल?