बी.एड. संपलं, जूनपासून कुर्ल्याच्या शाळेत पहिली नोकरी. महिनाभरात काय तयारी करू?

मराठी घेऊन बी.ए., बी.एड.ची शेवटची परीक्षा नुकतीच झालेली, सहावी ते आठवीला मराठी शिकवायचंय, शाळा मराठी माध्यमाची. तक्ते करायला घेऊ की पाठ्यपुस्तकं पाठ करू, असं तुम्ही विचारलंय. मी सोळा वर्षं रेल्वे रुळांलगतच्या एका शाळेत मराठी शिकवते आहे. तक्ते राहू द्या. मुलांना वाचता येतं का हे कसं ओळखायचं, त्याची तयारी करा.

बी.एड.च्या सराव पाठांना निरीक्षक मागच्या बाकावर बसलेले असायचे. प्रस्तावना, हेतुकथन, विवेचन, मूल्यमापन, गृहपाठ, सगळं टाचणाप्रमाणे, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्याप्रमाणे झालं की पाठ चांगला. आपलं अर्धं लक्ष त्यांच्या पेनाकडे. मी नोकरीला लागले तेव्हाही तशीच शिकवत होते. पाठ रंगायचा, हात वर व्हायचे, मला वाटायचं छान चाललंय.

सहावीच्या त्या वर्गात एक मुलगा होता. प्रकट वाचन त्याच्या रांगेपर्यंत आलं की उठायचा, "बाई, पाणी पिऊन येऊ?" मी जा म्हणायची. जून गेला, जुलै गेला. पहिल्या घटक चाचणीत त्याचा पेपर हातात आला तेव्हा त्यात प्रश्नच्या प्रश्न उतरवून काढलेले होते, उत्तर एकही नाही. जवळ बसवून वाचायला सांगितलं, तर जोडाक्षर आलं की तो थांबायचा आणि माझ्या ओठांकडे बघायचा. दोन महिने तो रोज माझ्यासमोर बसत होता. त्याला पाणी प्यायला पाठवणारी मीच. ती चूक अजून बोचते, म्हणून एवढं सविस्तर लिहिते आहे.

त्या वर्षापासून मी जूनचे पहिले दोन आठवडे धडा पुढे नेत नाही. तुम्हीही मुख्याध्यापकांशी बोलून तेवढी मुभा मागून घ्या. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. सहावी ते आठवीची तर उतरवाच, पण तिसरी आणि चौथीचीही घ्या आणि त्यातले आठ-दहा लहान उतारे निवडून ठेवा. वर्गाला लिहायला काहीतरी द्या आणि एकेका मुलाला टेबलाशी बोलवून हळू आवाजात वाचून घ्या. चाळीस मुलं, प्रत्येकी तीन मिनिटं, म्हणजे सगळे मिळून दोन तास. सगळ्यांसमोर उभं करून वाचायला लावू नका, न येणारं मूल तिथेच लपायला शिकतं. वही घालून प्रत्येकापुढे एवढंच लिहा: कुठे अडखळला, वाचलेलं सांगता आलं का. वर्षभर टाचणापेक्षा ही वही मला जास्त उपयोगी पडते.

मुंबईत आणखी एक गोष्ट असते. मराठी माध्यमाच्या एकाच बाकावर घरी 'माका' म्हणणारं आणि 'मले' म्हणणारं मूल शेजारी बसतं, त्यांच्या मागे घरी भोजपुरी बोलणारी मुलगी असते. "शुद्ध बोल" असं एकदा म्हटलंत की ते मूल पुढचे कितीतरी दिवस तोंड उघडत नाही. बोलू दे तसंच. लिहिताना प्रमाण भाषा कशी वापरायची ते सावकाश शिकवता येतं. मी तर 'मला'ला कोणाच्या घरी काय म्हणतात ते फळ्यावर लिहून घेते, सर्वनामांचा तास तिथूनच सुरू होतो.

आवाज सांभाळा. पहिल्याच जुलैत माझा घसा पार बसला होता, कारण लोकल गेली की मी तिच्या आवाजावर ओरडायची. आता गाडी आली की थांबते. मुलंही थांबतात, गाडी गेली की मी बोलायच्या आधी कुणीतरी अर्धं वाक्य पूर्ण करतं. फलकलेखनाचा सराव मात्र मे महिन्यात रोज करा. शेवटच्या बाकावरून दिसेल एवढं अक्षर आणि सरळ ओळ हाताला वळण लागल्याशिवाय येत नाही.

गणपतीत बरीच मुलं कोकणात गावी जातात. नवा, अवघड भाग त्या आठवड्यात घेऊ नका.

टीईटीबद्दल, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेबद्दल, विचारलंत ते थोडक्यात. सहावी ते आठवीसाठी पेपर २ द्यायचा, १५० गुणांचा असतो. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के, म्हणजे ९० गुण लागतात. त्यात ६० गुणांसाठी गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रे निवडायची असतात, तुम्ही सामाजिक शास्त्रे घ्या. एकदा उत्तीर्ण झालात की प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. पहिली ते पाचवीच्या मागे लागू नका, ११ ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तिथे बी.एड. पात्रता म्हणून धरत नाहीत. अनुदानित शाळेत जायचं मनात असेल तर पवित्र पोर्टलसाठी, म्हणजे शिक्षकभरतीच्या सरकारी संकेतस्थळासाठी, टेट, म्हणजे अभियोग्यता चाचणी, लागते: २०० प्रश्न, दोन तास. ही परीक्षा दरवर्षी होत नाही, २०१७ नंतर थेट २०२३ मध्ये झाली होती. त्यामुळे जाहिरात आली की फॉर्म भराच, 'पुढच्या वेळी बघू' म्हणू नका. आणि आत्ताच्या शाळेकडून नियुक्तीपत्र लेखी घ्या, पगाराचा आकडा त्यात असू द्या. मागायला संकोच वाटतो, मलाही वाटला होता, तरी मागा.

शाळा सुरू व्हायच्या दोन-तीन दिवस आधी जाऊन क्लार्ककडून तुमच्या वर्गांची नावं उतरवून आणा आणि घरी मोठ्याने वाचा. पहिल्या हजेरीला नाव चुकीचं उच्चारलं की मूल दुरुस्त करत नाही, नुसतं "हजर" म्हणतं आणि खाली बसतं. पावसाळ्यात कुर्ला-सायनच्या रुळांवर पाणी साचतं हे तुम्हाला माहीत असेलच. सकाळचं अधिवेशन असेल तर जूनभर एक गाडी आधीची पकडा.