कोरियन भाषेत प्रदेशानुसार व्यंजनं बदलतात का?

बदलतात, आणि कधीकधी गंमतही होते. प्रमाण कोरियनमध्ये साधा 'स' आणि घशावर ताण देऊन काढलेला 'स्स' असे दोन वेगळे स आहेत. 'स्साल' म्हणजे तांदूळ, 'साल' म्हणजे मांस. दक्षिण कोरियाच्या आग्नेयेला बुसान आणि देगू ही शहरं आहेत; तिकडच्या, म्हणजे ग्यॉन्गसांग बोलीच्या बऱ्याच जुन्या माणसांच्या तोंडी हा फरकच नाही. तांदळालाही ते 'साल'च म्हणतात. राजधानी सोलवाले यावरून त्यांना चिडवतात.

दक्षिणेकडच्या बोलींत आणखी एक खोड दिसते. 'ई'च्या आधीच्या 'ग'चा 'ज' होतो: तेल 'गिरुम', तिकडे 'जिरुम'. ताकदीचा 'हिम' तसाच 'सिम' होतो.

उत्तर कोरियातल्या प्यॉन्गान बोलीचं मात्र उलट. स्टेशनला सोलमध्ये 'जॉन्गॉजांग', तिथे पारंपरिक उच्चार 'दॉन्गॉदांग'; म्हणजे सोलमध्ये जुन्या 'द'चा 'ज' झाला, तिथे 'द' तसाच राहिला. कारण मराठी माणसाला पटकन कळेल. सोलचा 'ज' आपल्या 'जीव'मधला, प्यॉन्गानचा 'जास्त'मधला. तो तालव्य, म्हणजे जीभ टाळूला लावून काढलेला, नसल्यामुळे जुना 'द' त्याच्याकडे ओढलाच गेला नाही.

मला सगळ्यात आवडते ती कोळंबी. प्रमाण भाषेत 'सेउ', ग्यॉन्गसांगमध्ये 'सेबी'. हा 'ब' मागाहून घुसलेला नाही. 1446 साली कोरियन लिपी जाहीर झाली तेव्हा 'व'सारख्या एका मऊ ध्वनीसाठी स्वतंत्र अक्षर होतं, आणि त्याची उदाहरणं म्हणून दिलेल्या शब्दांत एक नेमका कोळंबीचा! सोलमध्ये तो ध्वनी विरघळला, दक्षिणेत 'ब' होऊन टिकला.