धाकटीचं रक्त तपासावं का?

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला गेल्या दिवाळीत टाइप १ मधुमेह निघाला. उलट्या, जोरजोरात श्वास. थेट आयसीयूत न्यावं लागलं. धाकटी चार वर्षांची. तिची उपाशीपोटीची साखर नॉर्मल आली. दीर म्हणतात, आता तिच्या मागे लागू नका. लॅबवाल्यांनी लायपेज आणि आयजीजी४ असलेलं पॅकेज सुचवलंय. काय करू?
– एक आई, कराड

उत्तर : ते पॅकेज घेऊ नका. लायपेज वाढतं ते स्वादुपिंडाला सूज आल्यावर. आयजीजी४ पाहतात तो आजारच निराळा, बहुतेक उतारवयातल्या पुरुषांचा. तुमच्या मुलाच्या आजारात प्रतिकारशक्ती इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर उलटते. हे आतल्या आत महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं चालतं आणि तोवर साखर नॉर्मल दिसते. म्हणून त्या एका रिपोर्टवर मी तरी निश्चिंत होणार नाही.

धाकटीच्या तपासायच्या त्या अँटिबॉडी, म्हणजे प्रतिकारशक्ती अशी उलटल्याच्या रक्तातल्या खुणा : जीएडी, आयए-२, झिंक ट्रान्सपोर्टर ८ आणि इन्सुलिनविरोधी. त्यासाठी तिला उपाशी ठेवायची गरज नाही. सख्ख्या भावंडाला हा आजार होण्याची शक्यता पाश्चात्त्य आकड्यांप्रमाणे शंभरात पाच-सहा, तेव्हा रिपोर्ट बहुधा निगेटिव्हच येईल. तरी सहा-सात वर्षांची झाली की पुन्हा एकदा करा.

एकच अँटिबॉडी सापडली तर नव्या नमुन्यावर खात्री करून लक्ष ठेवायचं. दोन किंवा जास्त असतील तर मात्र आजाराची सुरुवात झाली असंच धरतात. फिनलंड, जर्मनी आणि अमेरिकेतल्या मुलांच्या 2013 च्या अभ्यासात अशांपैकी सुमारे 70 टक्क्यांना दहा वर्षांत मधुमेह झाला. तेव्हाही लगेच इन्सुलिन लागत नाही. ठरावीक काळाने एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि ग्लुकोज पाजून साखर पाहायची. टेप्लिझुमॅब या औषधाने आजार साधारण दोन वर्षं लांबतो. अमेरिकेत त्याला 2022 मध्ये मंजुरी मिळाली, आठ वर्षांवरच्यांसाठी. पण मी तपासणी सांगते आहे ती औषधाच्या आशेवर नाही. धाकटीलाही आयसीयूतूनच निदान व्हायला नको, एवढ्यासाठी. जर्मनीतल्या बव्हेरियात 2015 पासून लहान मुलांची अशी तपासणी होते आणि तिथे आधी कळलेली मुलं बेशुद्धावस्थेपर्यंत क्वचितच जातात. इटलीने 2023 मध्ये मुलांच्या तपासणीचा कायदाच केला.

दिरांची काळजी खोटी नाही. पॉझिटिव्ह रिपोर्ट हातात घेऊन एकट्या आईने रात्र काढणं फार कठीण. म्हणून रक्त देण्याआधीच मुलाच्या डॉक्टरांशी बोला, रिपोर्ट त्यांच्यासमोरच वाचा. आणि हो, हा आजार तुम्ही दिलेल्या गोडाधोडाने झालेला नाही, कुणी काही म्हणो.

खर्च झेपत नसेल तर तपासणी थांबू द्या, पण ग्लुकोमीटर घरात आहेच. ती सारखं पाणी मागू लागली, पुन्हा अंथरूण ओलं करू लागली, वजन उतरलं, तर त्याच क्षणी बोट टोचा. आकडा 200 च्या वर गेला तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, तिला दवाखान्यात न्या.