दुष्काळात निम्म्या भावाने मिळणारी जमीन घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सलग दोन वर्षं पाऊस नाही, धुळीच्या वादळांना कंटाळून शेजारी त्याचं रान निम्म्या भावात काढतोय. मुदत ठेव मोडून आणि वर थोडं कर्ज काढून ते घ्यावं, असं तुमच्या मनात आहे. आईचा दमा वाढलाय, हे तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय.

आत्ता विकत घेऊ नका.

भाव निम्म्यावर का आला, ते बघा. एका एकरावरून नुसता १ मिलिमीटर थर उडाला तरी साधारण ५ टन माती जाते. वारा नेतो ती बारीक, कसदार माती. जाड वाळू मागे राहते. खरेदीखतात क्षेत्र मात्र तेवढंच दिसतं.

शिवाय पाऊस चुकला की दोन्ही रानांतलं पीक एकदमच जाणार, हप्ता मात्र थांबणार नाही. अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात १९३०च्या दशकात हेच झालं. गव्हाला भाव होता तेव्हा अनेकांनी कर्जावर जमिनी आणि ट्रॅक्टर घेतले. भाव पडल्यावर हप्ते भागवायला आणखी कुरणं नांगरली, आणि दुष्काळात ती उघडी माती उडाली. १४ एप्रिल १९३५चा दिवस तिथे ‘काळा रविवार’ म्हणूनच ओळखला जातो.

एक मुद्दा मात्र तुमच्या बाजूने आहे. ते रान वाऱ्याच्या अंगाला आहे. ते उघडं राहिलं तर तुम्ही स्वतःच्या शेतात काळजी घेतली तरी तुमची कोवळी रोपं वाळूच्या माऱ्याने फाटू शकतात. पण त्यासाठी मालकी कशाला? दोन हंगाम खंडाने घ्या. नांगरू नका, धसकटं उभी राहू द्या, गुरं सोडू नका. शेजारी पुढे विकणार असेल तर आधी तुम्हाला विचारेल, एवढं लेखी घ्या. आपल्या बांधावर वाऱ्याला आडवी झाडं लावा. उंचीच्या दहापट अंतरापर्यंत त्यांचा आडोसा मिळतो, अर्थात वाढायला वर्षं लागतात.

ठेवीतून आधी वर्षभराचा घरखर्च आणि आईचं औषधपाणी वेगळं काढा. आरोग्य विमा आता काढलात तरी जुन्या आजाराला तो बहुधा लगेच लागू होत नाही, तेव्हा हाताशी रोख हवी.

तेवढ्यात ते रान दुसऱ्या कुणी घेतलं तर? घेऊ दे. त्याच्याशी धसकटांचं बोलून ठेवा.