पोटॅशची गोणी आणि कझानची फी

लातूर जिल्ह्यातून एका आईचं पत्र आलं आहे. मुलीने दोनदा नीट दिली, दुसऱ्या खेपेला ३९० गुण पडले. सरकारी एमबीबीएस हुकलं, खासगीची फी झेपणारी नाही, बीएएमएसला नंबर लागेल असं वाटतंय. मध्येच एका एजंटाने रशियात कझानला प्रवेश ‘पक्का’ करून दिला. सहा वर्षांचे सगळे मिळून ३० लाख म्हणतो. वडिलांचं खताचं दुकान आहे आणि त्यांचा सक्त विरोध आहे: “निम्म्या जगाने ज्यांच्यावर निर्बंध घातलेत तिथे पोरीला पाठवायचं? दुकानात खायला तरी मिळतं का?” मुलगी सीनियरच्या रील दाखवते, त्यात मॉल झगमगतायत. एजंट म्हणतो, भारत-रशिया दोस्ती जुनी आहे, काही होत नाही. आई विचारते, कुणाचं खरं धरू?

नमस्कार ताई,

तिघांचंही थोडं थोडं खरं आहे. पण तिघंही बघतायत भलतीकडेच.

तुमच्या यजमानांना निर्बंध म्हणजे काय हे मी सांगायची गरज नाही. त्यांना फक्त २०२२ चा खरीप आठवायला सांगा. पोटॅशची गोणी हजाराच्या आतबाहेर होती ती १,७०० ला गेली, आणि गिऱ्हाइकं त्यांच्यावरच खेकसली असतील. झालं काय होतं? बेलारूसवर २०२१ साली युरोप-अमेरिकेने निर्बंध घातले. त्यांचं पोटॅश लिथुआनियातून रेल्वेने बंदरावर जायचं. १ फेब्रुवारी २०२२ पासून लिथुआनियाने ती वाहतूक बंद केली. त्याच महिन्याच्या शेवटी रशियाने युक्रेनवर हल्ला केला. पोटॅश काही संपलं नव्हतं. खाणी जागच्या जागी होत्या, औशा-निलंग्यात गिऱ्हाईकही होतं. मधली वाट बंद झाली होती.

रशियाचंही तसंच आहे, म्हणून दुकानांची काळजी सोडा. मॅकडोनाल्ड्स गेलं, त्याच जागी, त्याच भट्ट्यांवर दुसऱ्या नावाने बर्गर विकणं सुरू झालं. कोकाकोला गेला, ‘दोब्री कोला’ आला. रस्त्यावर चिनी गाड्या वाढल्या. आयफोन आजही मिळतो, तिसऱ्या देशातून फिरून येतो म्हणून महाग पडतो. महागाई मात्र आहे. २०२३ च्या अखेरीस अंडी इतकी भडकली की खुद्द पुतिन यांना टीव्हीवर एका पेन्शनर बाईची माफी मागावी लागली. पुढच्या वर्षी चोरी होते म्हणून काही दुकानांनी लोणी कुलूपवाल्या डब्यात ठेवलं. पण उपासमार वगैरे नाही. रीलमध्ये दिसतं ते खोटं नाही, फक्त बँकेच्या खिडकीपुढे उभं राहून कोणी रील करत नाही.

आता त्या खिडकीपाशी येऊ.

१० मार्च २०२२ पासून रशियाबाहेर काढलेली व्हिसा आणि मास्टरकार्डची कार्डं रशियात चालत नाहीत. म्हणजे आपल्या बँकेचं फॉरेक्स कार्ड, ज्यावर अमेरिका-जर्मनीला गेलेली मुलं निर्धास्त असतात, ते कझानला नुसतं प्लास्टिक आहे. तिथल्या बँकेत खातं उघडून त्यांचं ‘मीर’ कार्ड घ्यावं लागतं, आणि ते नोंदणीचे सोपस्कार झाल्यावर हातात येतं. तोवर रोख. मोठमोठ्या रशियन बँका स्विफ्टमधून, म्हणजे देशोदेशीच्या बँका ज्या जाळ्यावरून एकमेकींना पैशांचे निरोप देतात त्यातून, बाहेर काढलेल्या आहेत. ज्या उरल्यात त्यांची यादी युरोपच्या नव्या नव्या निर्बंधांबरोबर आखडत चालली आहे.

माझ्याकडून समुपदेशन घेऊन गेलेल्या एका मुलीची गोष्ट सांगतो. वडील एसटी डेपोत मेकॅनिक. दुसऱ्या वर्षाची फी त्यांनी रीतसर बँकेतून पाठवली. अकरा दिवसांनी पैसे परत आले, शुल्क कापून. पुन्हा पाठवले, तर मधल्या बँकेने कागद मागितले: प्रवेशपत्र, करार, वडिलांचा पगार, पैसे कशासाठी. तिकडे विद्यापीठाने थकबाकीदारांची यादी फळ्यावर लावली, त्यात हिचं नाव. पोरगी रात्री फोनवर रडायची आणि वडील कामावर डबा उघडून तसाच बंद करायचे. शेवटी मुलं करतात तेच केलं. सोलापूरच्या एका सीनियरच्या घरी रुपये दिले, सीनियरने तिला तिथे रुबल दिले. पोरं याला ‘एक्स्चेंज’ म्हणतात आणि त्यात काही वावगं आहे हे कुणाच्या डोक्यातच नसतं. आपल्या फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याने हा हवालाच आहे. इथलं खातं गोठू शकतं. आणि २०२५ च्या उन्हाळ्यापासून रशियानेही पैसे घेऊन आपलं कार्ड परक्याच्या व्यवहारांना वापरू देणं हा फौजदारी गुन्हा केला आहे. तुमच्या लेकीला निघताना हे दहा वेळा सांगा. थंडीच्या कपड्यांचं एकदा सांगितलंत तरी पुरे, ते तिथेही मिळतात.

म्हणून एजंटाला माझा पहिला प्रश्न असा असतो: विद्यापीठाचं फीचं खातं कोणत्या बँकेत आहे, आणि या वर्षी महाराष्ट्रातल्या कुठल्या पालकाने कुठल्या बँकेतून तिथे पैसे पाठवले? पावती दाखव. ‘पैसे आमच्याकडे द्या, आम्ही भरतो’ म्हणाला तर खुर्चीवरून उठायचं.

आणि ते ३० लाख. करार रुबलमध्ये असतो, एजंट रुपयांत बोलतो. डिसेंबर २०२४ मध्ये एक रुबल साधारण ८० ते ८५ पैशांना पडत होता. २०२५ च्या मध्यावर तोच १ रुपया ८-१० पैशांवर गेला. ३ लाख रुबलची वार्षिक फी धरा: आधी अडीच लाख रुपये, सहा-आठ महिन्यांत सव्वातीन लाख. विद्यापीठाने एक रुबलही वाढवलेला नाही. लढाई चाललेल्या, निर्बंध असलेल्या देशाचं चलन पडेल असं आपल्याला वाटतं, तर ते कधी पडतं आणि कधी उसळतं. २०२२ मध्येच मार्चला डॉलरला १२० च्या पुढे गेलेला रुबल जूनमध्ये पन्नाशीत आला होता. खताचा हंगाम बघून माल भरणाऱ्या माणसाला हा हिशेब माझ्यापेक्षा लवकर कळेल. त्यांना तो करायला बसवा. आत्ता ते ‘नको’ एवढंच म्हणतायत, कारण त्यांना कुणी आकडे दिले नाहीत.

आता दोस्तीबद्दल. एजंटाला हा शब्द फार आवडतो. दोस्ती आहे, नाकारत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोत अण्णाभाऊ साठ्यांचा पुतळा उभा राहिला, मला आनंद झाला. तेव्हा आपली कार्डं तिथे बंद पडून सहा महिने झाले होते. पुतळ्याला स्विफ्ट लागत नाही, फीला लागतं.

शिवाय दोस्ती आजची आहे आणि कोर्स सहा वर्षांचा. १९८८ मध्ये सोव्हिएत संघात शिकायला गेलेला मुलगा १९९४ ला पदवी घेऊन परतला तेव्हा ज्या देशात प्रवेश घेतला तो देशच उरला नव्हता. इतकं लांब कशाला, गेली चार वर्षं बघा. युद्धाआधी आपल्या तेलाच्या आयातीत रशियन तेल दोन टक्केही नव्हतं. ते स्वस्तात मिळायला लागलं आणि तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेलं. जुलै २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने रुपयांत व्यापाराची सोय केली. मग ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच तेलावरून अमेरिकेने आपल्या मालावर २५ टक्के जादा कर लावून एकूण ५० टक्के केला. ऑक्टोबरला रशियाच्या दोन मोठ्या तेल कंपन्यांवर निर्बंध. डिसेंबरला पुतिन दिल्लीत. लेक दुसऱ्या वर्षाला असेल तेव्हा वारा कुठे असेल हे दिल्लीतलाही कुणी सांगू शकणार नाही, लातूरच्या एजंटाची काय कथा. चांगली बाजूही सांगतो: नोव्हेंबर २०२५ मध्ये कझानला भारताचं वाणिज्य दूतावास सुरू झालं. पासपोर्ट हरवला तर आता मॉस्को गाठायला नको.

रोजच्या जगण्यात काय जाणवेल? व्हॉट्सॲपवरचे कॉल ऑगस्ट २०२५ पासून तिथे अडवायला सुरुवात झाली. इन्स्टाग्राम २०२२ पासून बंद, मुलं आडवाटेने बघतात. ड्रोनच्या भीतीने कधी मोबाइल इंटरनेट बंद होतं, कधी विमानतळ. मुलं त्याला ‘कव्योर’ म्हणतात. रशियनमध्ये त्याचा अर्थ गालिचा. आकाश बंद करायच्या आदेशाचं ते सांकेतिक नाव आहे. डिसेंबर २०२४ मध्ये कझानच्या उंच इमारतींवर ड्रोन आदळले होते. शहर पुन्हा कामाला लागलं, पण एखाद्या रात्री तिचा फोन लागला नाही तर तुमचं काय होईल, याचा विचार आजच करा. एक ठरावीक वेळ आणि दुसरा एखादा मार्ग आधी ठरवून ठेवा.

अर्धवेळ नोकरीच्या जाहिरातींना मात्र हात लावू द्यायचा नाही. विद्यार्थी व्हिसावर गेलेली काही भारतीय मुलं थेट सैन्यात पोचल्याचं उघड झालं आहे. कझान ज्या तातारस्तानात आहे तिथल्याच अलाबुगा औद्योगिक क्षेत्रात आफ्रिकेतल्या तरुण मुलींना प्रशिक्षणाचं आमिष दाखवून नेलं आणि ड्रोन जोडायला बसवलं, हे २०२४ मध्ये बाहेर आलं. रशियन भाषेतला कागद वाचता आल्याशिवाय सही नाही, एवढा एकच नियम तिला द्या.

यावरून भाषेचं आलं. एजंट सांगतो, शिक्षण इंग्रजीत आहे, रशियनची गरज नाही. वर्गात असेल. वॉर्डात खाटेवरची आजी इंग्रजी बोलत नाही. “ग्द्ये बलीत?” म्हणजे कुठे दुखतंय, हे विचारता येईल; तिने पुढे तीन मिनिटं जे सांगितलं ते कळलं नाही तर ती मुलगी सहा वर्षं रुग्ण न बघताच डॉक्टर होते. परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना भारतात द्यावी लागणारी परीक्षा म्हणजे एफएमजीई. जून २०२५ ला तिला बसलेल्यांपैकी १९ टक्केसुद्धा पास झाले नाहीत, त्याचं एक कारण माझ्या मते हेच आहे. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकवतात, मुंबईत रशियन केंद्रात शिकवतात. जायचं नक्की असेल तर आजपासून सुरू.

नियमांचं पटकन सांगतो, ते तुम्हाला कुठेही मिळतील. एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) नोव्हेंबर २०२१ च्या नियमांप्रमाणे किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमातून, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, पुन्हा भारतात १२ महिने, आणि त्या देशात स्थानिक डॉक्टरसारखा परवाना मिळण्याची पात्रता. ‘पहिली तीन वर्षं इंग्रजी, मग रशियन’ असा कोर्स असेल तर तो आपल्या कामाचा नाही. इंटर्नशिप आणि परवान्याचं विद्यापीठाकडून लेखी घ्या. युक्रेनमधून २०२२ मध्ये परतलेल्या मुलांचं काय झालं ते आठवा: काहींना देश बदलावा लागला, ऑनलाइन शिकलेल्यांना इथे जास्तीची इंटर्नशिप करावी लागली. आणि लेकीच्या मनात पुढे इंग्लंड-अमेरिका असेल, तर आयईएलटीएस, टोफेल या इंग्रजीच्या परीक्षा रशियात २०२२ पासून होत नाहीत. त्यासाठी दुसऱ्या देशात जावं लागेल.

तर पाठवू की नको? दुकान किंवा जमीन गहाण टाकून पाठवणार असाल तर नको. निर्बंधाच्या देशात पैसे अडकणार, हे गृहीत धरायचं. कधी अडकतील एवढंच माहीत नसतं. ज्यांच्याकडे एका वर्षाची फी आणि परतीचं तिकीट हात न लावता बाजूला ठेवण्याइतकं आहे, त्यांच्यासाठी तो महिना कटकटीचा असतो. ज्यांच्याकडे नाही त्यांची मुलगी फळ्यावरच्या यादीत जाते. तुमच्या पत्रात कर्जाचा उल्लेख नाही, दुकान भाड्याचं की मालकीचं तेही नाही. म्हणून निर्णय मी देत नाही.

बीएएमएसला मात्र ‘तेवढंच मिळतंय’ म्हणून नाक मुरडू नका. साडेपाच वर्षं, आपला जिल्हा नाही तर शेजारचा, आणि फी आपल्याच रुपयांत. प्रवेशफेरीची मुदत गेली की एजंटाचा आवाज बदलतो, हे मी दरवर्षी ऐकतो. कझानचे कागद तपासून होईपर्यंत इथली जागा सोडू नका. मुलीला एकदा एकटीला माझ्याशी फोनवर बोलू द्या. तिला डॉक्टर व्हायचंय की मैत्रिणींबरोबर जायचंय, हे पत्रातून कळत नाही.

तोवर करारपत्र पाठवा, रशियन भाषेतलं. फीच्या खात्याचं आणि बँकेचं नाव त्याच्या शेवटच्या पानावर असतं. एजंट इंग्रजी तर्जुमा देतो, त्यात ते पान गाळलेलं मी दोनदा पाहिलं आहे.